प्लेटमागच्या पंचाचं कार्ड

जिल्हास्तरीय शालेय सॉफ्टबॉल स्पर्धेत यंदा प्रथमच प्लेटमागे उभे राहणार असाल, तर स्ट्राइक झोनची चिंता दोन दिवस बाजूला ठेवा. चेंडू आत होता की बाहेर, यावर आरडाओरडा होणारच. पण तो पंचाच्या नजरेचा प्रश्न आहे, त्यावर प्रोटेस्ट चालत नाही. फलंदाजीचा क्रम चुकला किंवा बदली खेळाडू भलत्याच जागी आत आली आणि त्यावर तुम्ही नियमाविरुद्ध निर्णय दिला, तर मात्र तो नियमाचा प्रश्न होतो. मग प्रोटेस्ट येतो, सामना थांबतो, पुढचे दोन संघ उन्हात ताटकळतात आणि सगळे जण एकच गोष्ट मागतात : पंचाचं कार्ड. त्या कार्डावर नोंद असेल तर पाच मिनिटांत प्रश्न मिटतो. नसेल तर तुमचा शब्द एकीकडे आणि दोन क्रीडाशिक्षकांचे शब्द दुसरीकडे.

आपल्याकडे शालेय सामन्यांना उभे राहणारे पंच बहुतेक करून शाळांतले क्रीडाशिक्षकच असतात आणि नाशिकमधल्या क्रीडाशिक्षकाचा पिंड अनेकदा क्रिकेटचा असतो. क्रिकेटमध्ये फलंदाजीचा क्रम ही कर्णधाराची मर्जी. नाणेफेकीला अकरा नावं दिली की कोणाला केव्हा पाठवायचं हे त्यानं ठरवावं. सहाव्या क्रमांकाचा तिसरा गेला म्हणून पंचाचं काही बिघडत नाही. सॉफ्टबॉलमध्ये सामन्याआधी दिलेला क्रम सातही डाव बांधून ठेवतो. नववी खेळली की पुन्हा पहिली. एका डावात तिसरा गडी पाचव्या फलंदाजावर बाद झाला, तर पुढच्या डावाची सुरुवात सहावीपासून. ही शिस्त समजून घ्यायला क्रिकेटपेक्षा खो-खो जवळचा. तिथे तीन-तीनच्या तुकड्यांचा क्रम आधी गुणलेखकाकडे नोंदवावा लागतो आणि तो पाळावा लागतो. ज्यांनी खो-खोचं गुणपत्रक भरलं आहे, त्यांना सॉफ्टबॉलचं लाइनअप कार्ड परकं वाटत नाही, असा माझा अनुभव आहे.

पुढे वाचण्याआधी एक सूचना. नियमपुस्तकाच्या आवृत्त्या बदलतात. २०१३ मध्ये बेसबॉल आणि सॉफ्टबॉलच्या जागतिक संघटना एकत्र येऊन डब्ल्यूबीएससी झाली, तेव्हापासून फास्टपिचचे नियम तिच्या नावानं निघतात आणि अधूनमधून सुधारले जातात. शालेय स्पर्धेत संयोजक काही अटी स्वतःच्या घालतात. म्हणून स्पर्धेच्या आदल्या दिवशीच्या बैठकीत ‘कोणती आवृत्ती लागू?’ हा प्रश्न विचारायला लाजू नका. खाली दिलं आहे ते फास्टपिचमधलं रूढ व्यवहाराचं गणित आहे.

कार्ड हातात आल्यावर

कार्डावर चार रकाने लागतात : फलंदाजीचा क्रम, नाव, टी-शर्टचा क्रमांक, क्षेत्ररक्षणाची जागा. जागेसाठी आकडे वापरतात. पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड बेस ४, थर्ड बेस ५, शॉर्टस्टॉप ६, मग लेफ्ट, सेंटर आणि राइट फील्ड ७, ८, ९. हे आकडे पाठच हवेत. स्कोअरर याच भाषेत बोलतो.

दोन्ही संघांची कार्डं प्लेटपाशी घ्या आणि घाई न करता वाचा. नऊ जागा नऊ जणींना वाटलेल्या आहेत का? शॉर्टस्टॉप दोन आणि सेंटर फील्ड कोणीच नाही, असं वरचेवर घडतं. एकच क्रमांक दोघींना दिला आहे का? आडनावं तर नक्की तपासा. नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेच्या संघात तीन पवार आणि दोन आहेर सहज निघतात, तेव्हा नुसतं आडनाव लिहिलेलं कार्ड परत करा आणि पूर्ण नाव मागा. दहा नावं असतील, तर दहावं नाव फ्लेक्सचं हवं आणि वरच्या नवांत कोणापुढे तरी डीपी लिहिलेलं हवं. त्याबद्दल सविस्तर पुढे.

शालेय संघात टी-शर्टच्या क्रमांकांची गंमत वेगळीच. क्रिकेटचे जुने टी-शर्ट घालून आलेली मुलं, सेफ्टीपिनांनी लावलेले कागदी आकडे, सामन्याआधी आपसात बदललेले शर्ट. क्रमांक चुकीचा लिहिला गेला म्हणून कोणाला बाद करायचं नसतं. तो दुरुस्त करून खेळ पुढे न्यायचा असतो. खरी ओळख नावाची. तसंच राखीव खेळाडूचं नाव प्रवेशिकेत आहे, पण कार्डावर लिहायचं राहिलं, तर ते नंतरही जोडता येतं. या दोन गोष्टी माहीत नसल्यामुळे नवखे पंच फुकट कठोर होतात.

प्लेटपाशीच्या बैठकीत दोन्ही प्रशिक्षकांनी कार्ड पाहिलं आणि तुम्ही ते स्वीकारलं की तो क्रम अधिकृत. त्याआधी कितीही खाडाखोड चालेल; त्यानंतरचा प्रत्येक बदल म्हणजे नोंदवायची बदली. म्हणून स्वीकारण्यापूर्वी दोन्ही प्रशिक्षकांना एकदा स्पष्ट विचारा, “सर, हेच ना? मॅडम, तुमचं पक्कं?” नंतर “आम्ही असं म्हटलंच नव्हतं” हे वाक्य ऐकू येत नाही.

कार्डाच्या प्रती सगळीकडे सारख्या आहेत का, हेही बघा. तुमच्याकडची, स्कोअररकडची, प्रतिस्पर्ध्याकडची आणि संघाच्या स्वतःच्या बाकावरची. प्रती जुळल्या नाहीत की काय होतं, ते भल्याभल्यांनी अनुभवलं आहे. ९ मे २०१८ रोजी अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये न्यूयॉर्क मेट्स विरुद्ध सिनसिनाटी रेड्स हा सामना होता. मेट्सनं पंचांना दिलेल्या कार्डावर अस्द्रुबाल कॅब्रेरा दुसरा आणि विल्मर फ्लोरेस तिसरा होता. संघाच्या स्वतःच्या यादीत नेमकं उलटं. पहिल्याच डावात फ्लोरेस आधी खेळून गेला, मग कॅब्रेरानं डबल मारला. रेड्सचे व्यवस्थापक जिम रिगलमन यांनी पंचांकडे अपील केलं आणि चौथ्या क्रमांकाचा जे ब्रूस एकही चेंडू न खेळता बाद ठरला. कॅब्रेराचा डबल पुसला गेला. मेट्स तो सामना दहाव्या डावात २-१ असा हरले. ब्रूसच का बाद, हे कोडं पुढच्या भागात सुटेल.

आता हत्यारं. डाव्या हातात इंडिकेटर, त्यावर बॉल, स्ट्राइक, आउट. कमरेच्या पिशवीत ब्रश. कार्ड मात्र पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या घडीत, शर्टाच्या खिशात, आणि लिहायला पेन्सिल. शालेय स्पर्धा अनेकदा पावसाळ्याच्या शेपटाला होतात; जेल पेनानं लिहिलेलं कार्ड एका सरीत निळं होतं. दोन्ही संघांची कार्डं घडीत समोरासमोर ठेवा आणि फलंदाजी करणाऱ्या संघाचं कार्ड वर येईल अशी सवय लावा.

बोलायचं कुठे, गप्प बसायचं कुठे

प्रत्येक अर्धा डाव संपला की ज्या फलंदाजानं आपली खेळी पूर्ण केली, तिच्या नावापुढे बारीक तिरकी रेघ मारा. पुढच्या डावात तिच्यानंतरची यायला हवी. एवढं साधं काम, पण एक खड्डा आहे. समजा सहावी फलंदाजी करते आहे, काउंट दोन बॉल, एक स्ट्राइक. पिचरच्या हातून चेंडू सुटण्याआधीच फर्स्ट बेसवरच्या धावपटूनं बेस सोडला. सॉफ्टबॉलमध्ये ती बाद. हाच तिसरा गडी. सहावीची खेळी पूर्ण झालेलीच नाही. पुढच्या डावात तीच पहिली येणार, आणि काउंट कोरा. प्रशिक्षक इथे हमखास सातवीला पाठवतात. रेघ पाचवीपुढेच मारलेली असेल तर तुम्ही चुकणार नाही. गोंधळ धावपटू बाद होण्यातून सुरू होतो, म्हणून तिसरा गडी धावपटू असला की कार्ड काढून दोनदा बघा.

चुकीची फलंदाज आली आणि तुम्हाला ते कळलं, तर काय करायचं? काहीच नाही. क्रम पाळणं ही त्या संघाची जबाबदारी आहे आणि चूक पकडणं ही समोरच्या संघाची. पंचानं किंवा स्कोअररनं इशारा दिला, तर त्यानं एका संघाला मदत केली. प्रशिक्षक विचारतील, “सर, आता कोणाची बारी?” उत्तर एकच : “तुमचं कार्ड बघा, सर.” शिक्षकी पेशातल्या माणसाला हे जड जातं. समोर चौदा वर्षांखालच्या मुली आहेत, चूक दिसते आहे, आणि आपण तोंड मिटून उभे. मला स्वतःला हा नियम शालेय स्पर्धेत कठोर वाटतो. पण एकदा बोललात की दुसऱ्या संघाच्या वेळीही बोलावं लागेल आणि एखाद्या वेळी तुमच्या लक्षात येणार नाही; त्या दिवशी तुम्ही पक्षपाती ठराल. संयोजकांना हवं असेल तर त्यांनी स्पर्धेपुरता वेगळा नियम लिहून द्यावा. पंचानं मैदानावर दया दाखवू नये.

अपील झालं की ते कोणत्या क्षणी झालं, यावर निकाल ठरतो. क्रमानुसार चौथीची पाळी होती आणि पाचवी आली, असं धरू.

पाचवी अजून फलंदाजी करत असतानाच चूक लक्षात आली, काउंट दोन बॉल, एक स्ट्राइक. कोणीही बाद नाही. चौथी येते आणि तोच काउंट पुढे चालवते. मधल्या काळात कोणी बेस चोरला असेल, तर तो तिचाच. या टप्प्यावर फलंदाजी करणारा संघ स्वतःही चूक सुधारू शकतो आणि शहाणा प्रशिक्षक ती इथेच सुधारतो.

पाचवीनं चेंडू मारला, थर्ड बेसवरची मुलगी घरी आली, पाचवी सेकंड बेसवर उभी आहे, आणि पुढच्या फलंदाजाला चेंडू पडण्याआधी क्षेत्ररक्षक संघानं अपील केलं. बाद होते चौथी, कारण खेळायला हवं होतं तिनं. धाव रद्द, थर्ड बेसवरची मुलगी पुन्हा थर्ड बेसवर, पाचवी सेकंड बेसवरून उतरते. आता पुढची फलंदाज कोण? चौथीनंतरची, म्हणजे पाचवीच. ती पुन्हा बॅट उचलते. प्रेक्षक चक्रावतात, पालक आरडाओरडा करतात, पण नियम तोच आहे.

अपील झालं नाही आणि पुढच्या फलंदाजाला एक चेंडू पडला, वैध असो की अवैध. खेळ मिटला. पाचवीची खेळी कायदेशीर झाली, धाव मोजली गेली, चौथीची पाळी बुडाली. ती बाद नाही, फक्त या फेरीत वगळली गेली. आणि आता क्रम मोजायचा तो पाचवीपासून, पुढची सहावी.

या शेवटच्या वाक्यात मेट्सचं कोडं सुटतं. तिसऱ्या क्रमांकाचा फ्लोरेस चुकून दुसरा खेळला. त्याच्यानंतर आलेल्या कॅब्रेराला पहिला चेंडू पडताच फ्लोरेसची खेळी कायदेशीर झाली. तिसऱ्यानंतर चौथा, म्हणजे खरी पाळी ब्रूसची. मैदानात मात्र कॅब्रेरा. म्हणून बाद झाला ब्रूस. शालेय सामन्यात हाच गुंता नेहमी होतो : पाचवी खेळून गेल्यावर संघाला वाटतं, चौथी राहिली की, आणि ते तिला पाठवतात. तिला एक चेंडू पडला की पाचवी कायदेशीर आणि चौथी आता चुकीची फलंदाज. खरी पाळी सहावीची. इथे डोकं शांत ठेवायचं असेल तर पंचानं स्वतःला एकच प्रश्न विचारावा : ‘शेवटची कायदेशीर खेळी कोणाची?’ तिच्यानंतरची ती बरोबर, बाकी सगळ्या चूक.

अजून एक प्रसंग. क्रम विस्कटल्यामुळे कधी जिची पाळी आहे ती आधीच बेसवर उभी असते. तिला बेसवरून उतरवून बॅट हातात द्यायची नाही. तिची पाळी बुडते, तिच्यानंतरची येते.

अपील आल्यावर लगेच हात वर करून निकाल सांगू नका. टाइम घ्या, कार्ड काढा, स्कोअररला बोलवा किंवा त्याच्याकडे जा, बेसवरच्या सहकारी पंचांना विचारा. मग निकाल ठरावीक क्रमानं सांगा : कोण बाद, धावपटू कुठे जाणार, धाव आहे की नाही, किती आउट झाले, पुढची फलंदाज कोण. हे पाचही सांगितलेत की दुसरा प्रश्न येत नाही.

बदल घेताना

प्रशिक्षक तिकडून ओरडतात, “सर, चार नंबर आत!” हा बदल नव्हे. कोण आत, कोणाच्या जागी आणि क्षेत्ररक्षणात कुठे, हे तीनही कळल्याशिवाय पेन्सिल लावू नका. प्रशिक्षकांना जवळ येऊ द्या किंवा तुम्ही प्लेटपासून दोन पावलं त्यांच्याकडे जा. आधी लिहा, मग मोठ्यानं वाचा : “चार नंबर, बाराच्या जागी, सहाव्या क्रमांकावर, लेफ्ट फील्ड.” प्रशिक्षकांनी मान डोलावली की स्कोअररला सांगा, मग समोरच्या संघाला. हा क्रम उलटू नका. आधी जाहीर करून नंतर लिहायला गेलात, तर मधेच कोणीतरी पाणी मागतं, कोणीतरी बॅट बदलतं, आणि नोंद राहून जाते.

कार्डावरची प्रत्येक ओळ सातबारासारखी समजा. गट नंबर बदलत नाही. त्यावरची नावं फेरफारानं बदलतात आणि जुनं नाव खोडून टाकत नाहीत, कंस करून ठेवतात. सुरुवातीची खेळाडू बाहेर गेली तर तिच्या नावावर काट मारून ते वाचता येणार नाही असं करू नका. बारीक रेघ, शेजारी आत आलेलीचा क्रमांक आणि डाव. सुरुवातीच्या खेळाडूला एकदा परत येता येतं, पण फक्त तिच्या स्वतःच्या ओळीत. आत आलेली बदली खेळाडू एकदा बाहेर गेली की रूढ नियमानुसार तिचा सामना संपला.

उदाहरण घ्या. सहाव्या ओळीत १२ क्रमांकाची मुलगी. तिसऱ्या डावात तिच्या जागी ४ क्रमांकाची आली. लिहा : ४/डा. ३. पाचव्या डावात १२ परत आली. तिच्या क्रमांकाभोवती गोल करा : पुनरागमन वापरलं. ४ वर फुली, ती संपली. सहाव्या डावात १२ च्या जागी ९ आली. आता १२ वरही फुली. सातव्या डावात प्रशिक्षक येऊन म्हणतात, “सर, बाराला शेवटच्या डावाला परत घेतो.” कार्डाकडे एक नजर, आणि उत्तर तयार : गोल आहे, फुली आहे, शक्य नाही. इथे गप्प बसायचं नसतं. फलंदाजीचा क्रम चुकला तर बोलायचं नाही, पण तुमच्याकडे मागितलेला बदलच नियमबाह्य असेल तर तो स्वीकारायचा नाही आणि कारण सांगायचं. या दोन गोष्टींची गल्लत फार होते.

अवघड होतं ते एकदम दोन-तीन बदल आले की. दोन सुरुवातीच्या खेळाडू एकाच वेळी परत येत असतील, तर प्रशिक्षकांना त्यांचे क्रम अदलाबदल करावेसे वाटतात; चांगली मारणारी आधी यावी म्हणून. चालत नाही. प्रत्येकीनं आपापल्या ओळीतच यायचं. अशा वेळी बदल एकेक करून घ्या. “आधी एक पूर्ण करू, सर” म्हणायला कोणी हरकत घेत नाही.

क्षेत्ररक्षणात जागा बदलणं ही बदली नाही. शॉर्टस्टॉप आणि सेकंड बेस आपसात बदलले तर कार्डाला धक्का लागत नाही. स्कोअररला मात्र कळवा, आणि पिचर बदलली तर तुम्हीही टिपून ठेवा. क्रिकेटवाल्यांची आणखी एक सवय म्हणजे ‘रनर’. पाय मुरगळला, सर, रनर देतो! आयसीसीनं २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधूनच रनर काढून टाकला, तरी शाळांत तो जिवंत आहे. सॉफ्टबॉलमध्ये बेसवर दुसरी मुलगी धावायला पाठवली तर ती पूर्ण बदली धरली जाते. मूळ खेळाडू बाहेर. डब्ल्यूबीएससीच्या अलीकडच्या नियमांत कॅचरसाठी तात्पुरत्या धावपटूची सवलत आहे. ती तुमच्या स्पर्धेत लागू आहे का, हे बैठकीतच विचारून घ्या. रक्त येत असेल तर मात्र खेळाडूला बाहेर नेऊन तात्पुरती जागा भरता येते आणि ती बदली मोजली जात नाही. पण मुदत असते : चालू डाव आणि त्यापुढचा एक पूर्ण डाव. म्हणून कार्डाच्या समासात ‘र’ लिहून डाव नोंदवा.

न सांगता आत आलेल्या खेळाडूचं काय? हा प्रश्न विरुद्ध संघानं उपस्थित केला की निकाली काढायचा असतो. त्याआधी संघानं स्वतःहून कळवलं तर दोष राहत नाही. दंडाचा तपशील आवृत्तीनुसार बघावा. पण बहुतेक भांडणं टाळता येतात. नवा डाव सुरू होण्याआधी दोन्ही बाकांकडे बघून “काही बदल?” एवढं विचारा. प्रत्येक डावाला, दोन्ही संघांना, न चुकता. सर्वांना सारखं विचारलं की त्यात पक्षपात उरत नाही, आणि निम्मे विसराळू प्रशिक्षक तिथेच जागे होतात.

डीपी आणि फ्लेक्स

पंचाचा घाम निघतो तो इथे. बेसबॉलमधला डीएच अनेकांना माहीत असतो. अमेरिकन लीगनं तो १९७३ मध्ये आणला. पिचरऐवजी फलंदाजी करणारा खेळाडू, आणि तो मैदानात क्षेत्ररक्षणाला उतरला की ती सोय संपते. सॉफ्टबॉलचा डीपी त्याहून लवचीक. डीपी ही कोणाही एका क्षेत्ररक्षकाऐवजी फलंदाजी करते. जिच्याऐवजी ती खेळते ती फ्लेक्स, तिचं नाव दहाव्या ओळीत. पिचरच फ्लेक्स असायला हवी असं नाही, जरी बहुतेक वेळा तीच असते. डीपी वापरायची की नाही हे सामन्याआधीच ठरतं; मधूनच सुरू करता येत नाही.

पाठ करायची गोष्ट एवढीच : डीपी आणि फ्लेक्स या दोघी एकाच वेळी क्षेत्ररक्षण करू शकतात, पण एकाच वेळी फलंदाजीच्या क्रमात असू शकत नाहीत. फ्लेक्सला फलंदाजी करायची असेल तर ती डीपीच्याच ओळीत.

यातून तीन प्रसंग निघतात. डीपी फ्लेक्सच्या जागी क्षेत्ररक्षणाला उतरली : फ्लेक्स बाहेर गेली, संघ दहावरून नवावर आला. फ्लेक्स डीपीऐवजी फलंदाजीला किंवा धावायला आली : डीपी बाहेर गेली, संघ नवावर. डीपी तिसऱ्याच कोणाच्या, समजा थर्ड बेसच्या जागी क्षेत्ररक्षणाला उतरली : कोणीही बाहेर गेलेलं नाही. थर्ड बेसवाली फक्त फलंदाजी करत राहते, फ्लेक्स आपल्या जागी क्षेत्ररक्षण करते, संघ दहाचाच. हा तिसरा प्रसंग लोकांना पटत नाही. थर्ड बेसवालीला बाकावर बसलेलं बघून समोरचे प्रशिक्षक धावत येतात, “सर, ती तर बाहेर गेली, आता बॅटिंग कशी?” ती बाहेर गेलेली नाही, हे त्यांना समजवावं लागतं.

माझी सूचना अशी : कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात मोठा आकडा लिहा, १० किंवा ९. डीपी-फ्लेक्समध्ये काहीही हललं की आधी तो आकडा तपासा. नऊ झाला असेल तर दोघींपैकी एक बाहेर गेली आहे, म्हणजे तिचं एकदाच मिळणारं पुनरागमन शिल्लक आहे का, हा पुढचा प्रश्न. दहाच राहिला असेल तर फक्त जागा बदलल्या. नवावरून पुन्हा दहावर येता येतं, मूळ खेळाडू परत आली की. संघ सामना नऊ जणींवरही संपवू शकतो. त्यात बेकायदा काही नाही.

सात डावांनंतर बरोबरी झाली तर टायब्रेकर. आठव्या डावापासून प्रत्येक संघ सेकंड बेसवर एक धावपटू ठेवून सुरुवात करतो. ती कोण? त्या डावात जिची पाळी सर्वांत शेवटी येणार तीच, म्हणजे पहिल्या फलंदाजाच्या अगदी आधीची. पाचवी सुरुवात करत असेल तर चौथी सेकंड बेसवर. इथे तुमची ती तिरकी रेघ कामाला येते, कारण जिच्यापुढे रेघ ती बेसवर. एरवीसारखं इथे गप्प राहायची गरज नाही; चुकीची धावपटू उभी राहिली तर तिला बदलून खेळ सुरू करतात, दंड काही नाही.

याच कार्डाच्या मागे प्रशिक्षकांच्या चर्चांची नोंदही ठेवा. क्षेत्ररक्षक संघाला सात डावांत तीन, फलंदाजी करणाऱ्या संघाला डावाला एक. चार उभ्या रेघांचं काम.

हे सगळं वाचून शिकता येत नाही, हे मान्य. पंचवटीत हिरावाडीच्या विभागीय क्रीडा संकुलात किंवा जवळच्या कुठल्याही मैदानावर सामना असेल, तेव्हा एक कोरं कार्ड घेऊन स्कोअररच्या टेबलाशेजारी बसा आणि सामनाभर फक्त बदल लिहा. चेंडू-स्ट्राइककडे बघूही नका. शेवटी तुमचं कार्ड आणि स्कोअररचं कार्ड शेजारी ठेवा. कुठे फरक पडला ते तपासा. दोन-चार सामन्यांत हात बसतो. संघांना शिकवणाऱ्या शिक्षकांनीही बाकावर एका मुलीला हेच काम द्यावं. विभागीय फेरीत जळगाव, धुळ्याचे संघ समोर येतात. तिथे तुमच्या क्रमातली चूक पकडणारं कोणी नसेल, या भरवशावर राहू नका.

शालेय स्पर्धेत एवढा काटेकोरपणा कशाला, असं काही जण म्हणतात. दहावी-बारावीला मिळणारे क्रीडागुण आणि पुढे सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण स्पर्धेतल्या कामगिरीच्या प्रमाणपत्रांवर अवलंबून असतं. चुकीच्या ओळीत आत आलेल्या मुलीच्या धावेवर सामना फिरला, तर दुसऱ्या शाळेच्या अख्ख्या संघाची पुढची वाट बंद होते. २०२८ मध्ये लॉस एंजेलिसला सॉफ्टबॉल पुन्हा ऑलिंपिकमध्ये येतो आहे, त्यामुळे शाळांतली गर्दी वाढायचीच शक्यता आहे.

आणि सामना संपला की कार्डं चुरगाळून खिशात टाकू नका. दोन्हींवर अंतिम गुण लिहा, सही करा, स्कोअररच्या पत्रकाला जोडून तांत्रिक समितीकडे द्या. प्रोटेस्टची मुदत संपेपर्यंत ती कार्डं तिथेच राहू द्यावीत.